रंग फिरेपर्यंत थांबा: घरच्या बागेतला टोमॅटो, बी पेरण्यापासून फळ तोडण्यापर्यंत

आवडतं फळ कोणतं असं कुणी विचारलं की मी टोमॅटो म्हणते. मग हमखास पुढचा प्रश्न येतो: टोमॅटो भाजी ना? वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने तो फळच आहे. फुलातल्या अंडाशयापासून तयार होतो, पोटात बिया बाळगतो, आणि फळांमध्येही द्राक्षाच्या जातीचं, म्हणजे मृदुफळ. १८९३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासमोर हा वाद गेला होता. आयातशुल्कापुरता टोमॅटो भाजी धरावा असा निकाल लागला, पण शास्त्राप्रमाणे ते फळ आहे हे न्यायालयानेही मान्य केलं.

आंबा, पेरू, अंजीर मलाही आवडतात. पण बी लावून त्यांची फळं खायची तर वर्षानुवर्षं थांबावं लागतं आणि जमीनही हवी. टोमॅटो एका कुंडीत, बी पेरल्यापासून चार-पाच महिन्यांत फळ हातात देतो. आणि हे फळ घरी लावण्याचं खरं कारण त्याची चव आहे. लांबच्या प्रवासाला जाणारा टोमॅटो घट्ट सालीचा निवडलेला असतो आणि बऱ्याचदा हिरवा असतानाच तोडलेला असतो. झाडावर रंग फिरलेल्या फळाशी त्याची बरोबरी होत नाही. पुढे जे काही सांगते आहे ते सगळं त्या चवीसाठी आहे, नुसती टोपली भरण्यासाठी नाही.

वाण निवडताना

टोमॅटोचे वाढीवरून दोन मुख्य प्रकार पडतात, आणि आपल्याकडे कोणता आहे हे माहीत नसेल तर पुढची निम्मी कामं चुकतात. बुटके, झुडूपवजा वाण ठरावीक उंचीपर्यंत वाढतात, शेंड्याला फुलांचा गुच्छ आला की थांबतात आणि बरीचशी फळं दोन-चार आठवड्यांत एकदम देतात. वेलासारखे वाढणारे उंच वाण मात्र हवामान साथ देईल तोवर वाढत राहतात, फुलतात आणि महिनोन्‌महिने थोडी थोडी फळं देतात. कुंडी आणि गॅलरीसाठी बुटके बरे. जमीन आणि आधाराची सोय असेल तर उंच वाण घ्या.

पहिल्यांदाच लावत असाल तर लहान फळांचा चेरी टोमॅटो लावा. तो लवकर पिकतो आणि हवा थोडी बिघडली तरी फळ धरतो. मोठ्या, मांसल फळांचे वाण चवीला सुरेख असतात, पण त्यांना वेळही जास्त लागतो आणि चुकाही कमी खपतात.

एक खूण मी आवर्जून बघते. काही वाणांच्या कच्च्या फळांचे खांदे, म्हणजे देठाजवळचा भाग, गडद हिरवे असतात. फळ सगळीकडून सारखं लाल व्हावं म्हणून पैदासकारांनी कित्येक पिढ्या असे खांदे नसलेली, फिकट हिरव्या फळांची झाडं निवडली. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं की या निवडीत एक जनुक निकामी होतो. हाच जनुक कच्च्या फळात हरितलवकं, म्हणजे उन्हापासून साखर बनवणारे पेशीतले हिरवे कण, वाढवतो आणि फळाला साखर बनवायला मदत करतो. म्हणजे सारख्या रंगासाठी थोडी गोडी गेली. गडद खांद्यांचा वाण मिळाला तर तो जरूर लावून बघा.

बियाण्याच्या पाकिटावर नावापुढे व्ही, एफ, एन अशी अक्षरं असतील तर ती रोगप्रतिकाराची आहेत. पहिली दोन अक्षरं दोन प्रकारच्या मर रोगांची, तिसरं मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींचं. मागच्या हंगामात झाडं अचानक सुकून गेली असतील तर ही अक्षरं असलेलंच बी घ्या.

कधी पेरायचं

महिन्याचं नाव सांगण्यात अर्थ नाही, तापमान बघा. फळ धरण्याच्या काळात दिवस २१ ते २९ अंश सेल्सिअस आणि रात्री १५ ते २१ अंश असल्या तर टोमॅटो खूश. बी पेरल्यापासून फुलं यायला साधारण दोन ते अडीच महिने लागतात. तेव्हा आपल्या भागात अशी हवा कधी असते ते आठवा आणि तिथून मागे मोजा. जिथे हिवाळ्यात दंव पडतं तिथे शेवटच्या दंवाच्या सहा-सात आठवडे आधी घरात पेरतात. जिथे उन्हाळा कडक असतो तिथे पावसाचा जोर ओसरतानाची किंवा थंडीच्या तोंडाची पेरणी चांगली साधते.

बी आणि रोप

रोपांसाठी बारीक चाळलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि कंपोस्ट निम्मं-निम्मं घ्या. छिद्रं पाडलेला कोणताही पेला चालतो. दोन-दोन बिया एक सेंटीमीटरपेक्षा खोल नको. मिश्रण ओलसर ठेवा, चिखल करू नका. २१ ते २७ अंशांत सहा ते दहा दिवसांत कोंब दिसतात.

कोंब वर आला की त्याच दिवशी त्याला भरपूर उजेडात हलवा. इथे भलेभले चुकतात. खिडकीपासून आत ठेवलेलं रोप उजेडाकडे ताणतं, दोऱ्यासारखं बारीक होतं आणि मान टाकतं. पहिली दोन साधी, लांबट पानं बीजपत्रं असतात. त्यानंतरची कातरलेल्या कडांची पानं खरी. ती आली की दोनांतलं कमजोर रोप उपटू नका, मातीलगत कात्रीने कापा. म्हणजे शेजारच्याची मुळं दुखावत नाहीत.

पाणी शक्यतो खालून द्या: पेला ताटलीतल्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा आणि काढून घ्या. वरचा थर सतत ओला राहिला की रोपं मातीलगत काळी पडून कोलमडतात. हा बुरशीचा रोग आहे आणि एकदा सुरू झाला की रात्रीतून सगळा ट्रे आडवा होतो. मोकळी हवा आणि मध्ये थोडं सुकू देणं हाच त्यावरचा उपाय.

जागा, कुंडी, माती

रोज किमान सहा तास थेट ऊन हवं, आठ तास मिळालं तर उत्तम. नुसत्या अंदाजावर राहू नका. सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन वाजता त्या जागी जाऊन सावली कुठवर येते ते बघा.

उंच वाणाला किमान २० लिटरची कुंडी द्या, बुटक्याला दहा-बारा लिटर पुरते. लहान कुंडीत झाड जगतं, पण उन्हात दोन वेळा पाणी घालूनही सुकतं, आणि त्याचे परिणाम फळावर दिसतात. तळाशी खडी भरू नका. तिने निचरा सुधारत नाही, उलट पाणी खडीच्या वरच्या मातीत अडून राहतं आणि मुळांची जागा कमी होते. तळाची छिद्रं मोकळी असली की झालं. कुंडीत नुसती बागेतली माती दगडासारखी घट्ट बसते, म्हणून माती, कंपोस्ट आणि कोकोपीट समान घ्या. जमिनीत लावायचं तर वाफ्यात हातभर खोल खणून चांगलं कुजलेलं खत मिसळा. ताजं शेण घालू नका. मातीचा सामू, म्हणजे आम्लतेचं माप (पीएच), ६ ते ६.८ च्या दरम्यान असावा. ज्या वाफ्यात मागच्या तीन वर्षांत वांगी, मिरची, बटाटा किंवा टोमॅटोच होता तो टाळा. ही सगळी एकाच कुळातली पिकं, एकाचे रोग दुसऱ्याची वाट बघत असतात.

लावताना खोल लावा

रोप पाच-सात आठवड्यांचं, वीतभर उंच झालं की लावणीला तयार. त्याआधी आठवडा-दहा दिवस त्याला बाहेरच्या उन्हावाऱ्याची सवय करा. पहिल्या दिवशी तासभर कोवळं ऊन, मग रोज थोडं जास्त. सावलीत वाढलेलं रोप थेट भर उन्हात ठेवलं तर पानं पांढरी पडून करपतात.

लावणी संध्याकाळी करा. टोमॅटोच्या खोडात एक फार मोलाचा गुण आहे: मातीखाली गेलेल्या खोडाला नवीन मुळं फुटतात. म्हणून खालची पानं काढून टाका आणि खोडाचा निम्मा ते दोन तृतीयांश भाग मातीत जाईल इतकं खोल रोप लावा. बारीक, लांबलेलं रोप असेल तर उथळ चरात आडवं निजवा, फक्त शेंडा वर ठेवा. दोन दिवसांत तो आपोआप सरळ उभा राहतो. अपवाद कलमी रोपांचा. त्यांचा जोड मातीच्या वरच राहायला हवा, नाहीतर वरच्या भागाला स्वतःची मुळं फुटतात आणि कलमाचा उपयोग संपतो.

दोन झाडांत बुटक्या वाणांसाठी ४५ ते ६० सेंटीमीटर, उंच वाणांसाठी ६० ते ९० सेंटीमीटर अंतर सोडा. छोट्या रोपांमधली ही मोकळी जागा बघवत नाही, हात शिवशिवतात. तरी मध्ये आणखी रोप घालू नका. आधाराची काठी याच वेळी रोवा, नंतर रोवली तर मुळं तुटतात.

पाणी: सगळ्यात जास्त लक्ष इथे

माझ्या बागेतले टोमॅटोचे बहुतेक प्रश्न शेवटी पाण्यापाशीच येऊन थांबले आहेत. एका वर्षी मी चार दिवस घरी नव्हते. परतले तेव्हा झाडं मलूल होती, म्हणून भरभरून पाणी घातलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पिकायला आलेली फळं देठापाशी तडकलेली होती. पुढच्या आठवडाभरात हिरव्या फळांच्या बुडाशी काळे, चामड्यासारखे डाग दिसायला लागले. मला फार वाईट वाटलं होतं, कारण त्या झाडांना मी बीपासून वाढवलं होतं.

दोन्हींचं कारण एकच. कोरड पडल्यावर साल ताठर होते. मग एकदम पाणी मिळालं की आतला गर फुगतो आणि साल फाटते. बुडाचा काळा डाग हा रोग नाही, तिथे कॅल्शियम पोचलेलं नसतं. कॅल्शियम पाण्याच्या प्रवाहाबरोबरच झाडात फिरतं आणि त्याचा बराचसा वाटा पानं ओढून घेतात. फळाचं टोक शेवटी येतं. पाण्याचा ओघ तुटला की पहिली उपासमार त्या टोकाची होते. मातीत कॅल्शियम भरपूर असलं तरीही हे घडतं. त्यामुळे अंड्याची टरफलं कुस्करून टाकल्याने डाग थांबत नाहीत. ती कुजायलाच कित्येक महिने जातात. डागी फळं काढून टाका आणि पाणी नियमित करा, पुढची फळं निर्मळ येतात.

मग नियमित म्हणजे किती? आपल्याकडे वाफसा हा शब्द आहे, त्याच्याइतकं नेमकं उत्तर नाही. माती ओली आहे पण तिच्यात हवाही खेळते आहे, मुठीत दाबली तर गोळा होतो आणि बोट लावलं की फुटतो, ती अवस्था. बोट दोन पेरांपर्यंत मातीत घाला. तिथे कोरडं लागलं तर पाणी, ओलसर लागलं तर थांबा. जमिनीतल्या झाडाला साधारण आठवड्यातून दोन-तीनदा, पण वीतभर खोल मुरेल इतकं द्या. रोज वरवर शिंपडलं तर मुळं वरच राहतात. कुंडीला कडक उन्हात रोज लागतं. सकाळी द्या, मुळाशी द्या, पानांवर नको.

दुपारी पानं माना टाकतात म्हणून घाबरून पाणी घालू नका. संध्याकाळी ती सावरली तर झाड ठीक आहे. सकाळीसुद्धा मलूल दिसलं तर मात्र लगेच बघा. आणि मातीवर वाळलेल्या पानांचा, पेंढ्याचा किंवा गवताचा पाच-सात सेंटीमीटरचा थर पसरा, खोडापासून चार बोटं सोडून. हे आच्छादन वाफसा टिकवतं आणि पावसाचे थेंब उडून मातीतली बुरशी पानांवर जात नाही. एवढं एकच काम करणार असाल तर हे करा.

आधार आणि बगलफुटी

उंच वाणाला दीड-दोन मीटरची काठी लागते. सुतळीला खोड आणि काठी यांच्यामध्ये एक पीळ द्या आणि खोडाकडचा फास सैल ठेवा, खोड जाड होणार असतं.

पान आणि खोड यांच्या बेचक्यातून जो कोंब निघतो ती बगलफूट. उंच वाणांत एक किंवा दोन मुख्य खोडं ठेवा आणि बाकीच्या फुटी बोटभर असतानाच चिमटीने मोडा. बुटक्या वाणांच्या मात्र काढू नका, त्यांची फळं याच फांद्यांवर येतात. नजरेतून सुटून वीतभर वाढलेली फूट मोडून पाण्यात किंवा ओल्या मातीत ठेवली तर दोनेक आठवड्यांत मुळं धरते आणि फुकटात नवं झाड मिळतं. मातीला टेकणारी पानं काढा, पण फळांवरची सावली काढून घेऊ नका. उघडी पडलेली हिरवी फळं उन्हाने पांढुरकी होऊन भाजतात.

खत

थोडक्यात सांगते. लावताना कंपोस्ट द्या. पहिली फळं गोटीएवढी झाली की पुन्हा ओंजळभर कंपोस्ट किंवा गांडूळखत घाला. कुंडीतल्या झाडाला पंधरा दिवसांनी पातळ केलेलं द्रवखत द्या, ज्यात पोटॅश जास्त आणि नत्र कमी असेल. झाड गर्द हिरवं, दणकट, पण फुलांचा पत्ता नाही, असं दिसलं तर नत्र जास्त झालं आहे. तेव्हा खत थांबवा.

फुलं येतात आणि गळतात

टोमॅटोच्या एकाच फुलात नर आणि मादी दोन्ही भाग असतात, त्यामुळे एकटं झाडही फळ देतं. पण परागकण पुंकेसरांच्या नळीत बंद असतात आणि फूल थरथरलं तरच बाहेर पडतात. मोकळ्यावर हे काम वारा आणि भुंगे करतात. भुंगा फुलाला लटकून विशिष्ट गुणगुण करतो आणि त्या कंपनाने पराग सांडतात. मधमाशीला ही युक्ती येत नाही. गॅलरीत वारा नसेल तर सकाळी दहा-अकराच्या सुमारास फुलांच्या गुच्छाच्या देठावर टिचक्या मारा, किंवा बॅटरीवर चालणारा दात घासायचा ब्रश देठामागे दोन-तीन सेकंद टेकवा. इतकंच पुरतं.

तरी फुलं गळत असतील तर तापमान बघा. दिवसाचा पारा ३५ च्या आसपास गेला की पराग निकामी होतात. रात्र १३ अंशांखाली गेली तरी फळ धरत नाही. अशा वेळी औषधं फवारण्यात अर्थ नाही. दुपारी सावलीची जाळी धरा, पाणी सांभाळा आणि हवा बदलण्याची वाट बघा. झाड जिवंत राहिलं की नवी फुलं येतातच.

कीड आणि रोग

रोज सकाळी दोन मिनिटं पानं उलटी करून बघा. या सवयीइतकं प्रभावी औषध मला सापडलेलं नाही. मावा दिसला तर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन काढा. पांढरी माशी जास्त धोक्याची, कारण ती पानं वाटीसारखी वळवणारा विषाणू पसरवते. पिवळी चिकट पट्टी झाडाच्या उंचीवर टांगा. शेंड्याची पानं आखडून झाड खुजं राहिलं तर ते बरं होत नाही, उपटून टाका म्हणजे शेजारची वाचतील. फळाला भोक दिसलं की आत अळी आहे असं समजा, फळ तोडून नष्ट करा. कडुनिंबाचं तेल लिटरला पाच मिलीलिटर, साबणाचे चार थेंब घालून संध्याकाळी फवारा. भर उन्हात फवारलं तर पानं जळतात.

खालच्या पानांवर एकात एक वर्तुळं असलेले तपकिरी डाग म्हणजे लवकर येणारा करपा. ती पानं काढा, आच्छादन नीट करा, झाड बहुधा निभावतं. थंड, दमट हवेत पानांवर आणि खोडावर तेलकट काळपट चट्टे झपाट्याने पसरू लागले तर तो उशिरा येणारा करपा. १८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक उद्ध्वस्त करणारा तो हाच. इथे माया करू नका. झाड त्याच दिवशी उपटा, पिशवीत बंद करा, कंपोस्टमध्ये टाकू नका. तंबाखू हाताळली असेल तर हात साबणाने धुतल्याशिवाय झाडाला लावू नका, त्यातून विषाणू येऊ शकतो.

तोडणी

फूल फळात बदलल्यापासून पिकायला सहा ते आठ आठवडे लागतात. मधले कित्येक दिवस फळ पूर्ण वाढीचं, हिरवं, जसंच्या तसं दिसतं. धीर धरा. बुडाशी पहिली गुलाबी-पिवळी छटा आली की समजायचं, रंग फिरला. इथून पुढे फळ स्वतःच इथिलीन वायू तयार करतं आणि तोडलं तरी पिकतं. पक्षी किंवा जोरदार पाऊस यांची भीती असेल तर या टप्प्यावर तोडून घरात ठेवा, चवीत फारसा फरक पडत नाही. भीती नसेल तर आणखी चार-पाच दिवस झाडावर राहू द्या. अंगठ्याने हलकं दाबल्यावर किंचित लवतं आणि देठाच्या गाठीतून सहज सुटतं, ते फळ तयार.

३० अंशांच्या वर लाल रंगद्रव्य, म्हणजे लायकोपीन, नीट तयार होत नाही. फळं नारिंगीच राहिली तर रंग फिरताच तोडा आणि घरातल्या गार जागी पिकवा. पिकायला ऊन लागत नाही, २० ते २५ अंश पुरे. हंगाम संपताना उरलेली पूर्ण वाढलेली हिरवी फळं पिकल्या केळ्याबरोबर कागदी पिशवीत ठेवा. पिकत असलेलं फळ फ्रीजमध्ये ठेवू नका. १२ अंशांखाली सुगंध देणारी द्रव्यं कमी होतात आणि गर पिठूळ होतो.

पुढच्या वर्षासाठी बी

संकरित वाणाचं बी राखलं तर पुढची झाडं आईसारखी निघतीलच असं नाही. सरळ, म्हणजे संकरित नसलेला, वाण असेल तर मात्र जरूर राखा. सगळ्यात निरोगी झाडावरचं, सगळ्यात चवदार लागलेलं फळ पूर्ण पिकू द्या. बिया रसासकट पेल्यात काढा, थोडं पाणी घाला आणि झाकण न लावता दोन-तीन दिवस ठेवा. बीभोवतीचं बुळबुळीत आवरण उगवण रोखतं, ते आंबून सुटतं. वास येईल, वर साय धरेल, ते बरोबरच आहे. मग धुवा, तरंगणाऱ्या पोकळ बिया फेकून द्या आणि बुडालेल्या बिया बशीवर पसरून सावलीत वाळवा. कागदावर पसरल्या तर चिकटून बसतात. आठवड्याने पाकिटात भरा, वर वाणाचं नाव, साल आणि त्या फळाची चव कशी होती ते दोन शब्दांत लिहा. कोरड्या, थंड जागी हे बी चार-पाच वर्षं उगवतं.